डुकराची चरबी आणि खाद्यातलं तेल

वर कुणीतरी लिहिलंय की डुकराला कुठलंही तेल चारा, चढणारी चरबी एकच. हे मला अजिबात पटत नाही. गायी-शेळ्यांच्या पोटातले जंतू असंतृप्त मेदाम्लं (चरबी मऊ, पातळ ठेवणारे तेलातले घटक) बरीचशी संतृप्त, म्हणजे घट्ट गोठणारी, करून टाकतात. डुकराचं पोट आपल्यासारखं एककप्पी, त्यामुळे खाल्लेलं मेदाम्ल बहुतांशी तसंच चरबीत उतरतं. शेंगदाण्याचं तेल असंतृप्त, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत शेंगदाण्यावर पोसलेल्या डुकरांचं मांस थंड करूनही लिबलिबीत राहायचं. १९२०च्या दशकात तिथल्या कृषी खात्याने त्यावर मुद्दाम प्रयोग केले.

बार्लीसारखं कमी तेलाचं खाद्य असेल तर डुक्कर पिष्टापासून स्वतःच चरबी बनवतं, आणि तीही यकृतात नाही, मुख्यतः चरबीच्या ऊतीतच. ती घट्ट होते. तेल वाढवलं की ही घरची निर्मिती मंदावते. लिनोलिक आम्ल (एक असंतृप्त मेदाम्ल) तर त्याला बनवताच येत नाही, म्हणजे चरबीत सापडेल तेवढं सगळं सोयाबीन-मक्यासारख्या खाद्यातून आलेलं.

स्पेनचं इबेरियन डुक्कर बघा. शरदापासून ओकची फळं खाऊन त्याच्या चरबीत ओलिक आम्ल, हेही असंतृप्तच, निम्म्याच्या वर जातं. त्याच्या हॅमचा (खारवून सुकवलेल्या मांडीच्या मांसाचा) पातळ काप बोटात धरला की कडेची चरबी चकाकते, वितळायला लागते. तेव्हा खाद्य बदलायचंच असेल तर कत्तलीच्या बरेच आठवडे आधी बदला. साठलेली चरबी हळूहळूच बदलते.