ईमॅक्सच्या सुरुवातीच्या स्क्रीनवर मराठी मजकूर मधोमध येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात नौपाड्याला, नोकरी ऐरोलीत, आणि दिवसभर ईमॅक्स (टेक्स्ट एडिटर) उघडंच. नेहमीची स्वागताची स्क्रीन 'इनहिबिट-स्टार्टअप-स्क्रीन' ला 'टी' (म्हणजे 'हो') देऊन बंद केली. त्या जागी स्वतःची हवी आहे: वर मोठ्या अक्षरांत 'आजची कामं', खाली ऑर्ग मोडमधली (ईमॅक्समधली नोंदी-कामांची सोय) आजची यादी. त्यासाठी छोटं फंक्शन लिहून 'इनिशियल-बफर-चॉइस' ला (सुरुवातीला काय उघडायचं ते ठरवणारी सेटिंग) दिलंय. ते बफर (ईमॅक्समधलं मजकुराचं पान) परत करतं, तिथवर सगळं ठीक.

घोडं अडलंय ते मधोमध आणण्यात. इंग्रजी शीर्षक बरोबर मध्ये बसतं. तेच 'आजच्या बैठका' लिहिलं की ओळ बाजूला सरकते. मी 'स्ट्रिंग-विड्थ' वापरून डावीकडे मोकळ्या जागा भरतो. ते रकाने मोजतं, पण जोडाक्षर पडद्यावर जेवढी जागा घेतं ती फॉन्टवर ठरते, म्हणून हिशेब चुकत असावा. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, ईमॅक्सची आवृत्ती २९.

यात 'स्ट्रिंग-पिक्सेल-विड्थ' (रुंदी पिक्सेलमध्ये मोजणारं फंक्शन) कुणी वापरलंय का? मोकळ्या जागांऐवजी 'अलाइन-टू' ला (मजकूर ओळीत कुठून सुरू व्हावा ते सांगणारी सोय) पिक्सेलचा आकडा द्यावा का?

आणखी एक. मी डीमन चालवतो (ईमॅक्स पडद्यामागे सतत चालू), त्यामुळे इनिट फाइल (माझ्या सेटिंगची फाइल) वाचली जाते तेव्हा खरी खिडकीच नसते. रुंदीचा हिशेब 'सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक' मध्ये (नवी खिडकी तयार झाल्यावर चालतो तो हुक) करू की फंक्शनमध्येच?

मला ही स्क्रीन मराठीतच हवी आहे. इंग्रजी शीर्षक टाकून मोकळं व्हायचं नाही. कुणाकडे चालणारा कोड असेल तर कृपया इथेच टाका.