घरी आगमनकाळ कसा पाळता? लेकरं लहान, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी

जालन्याची_सून:
सगळ्यांना सलाम. आमच्याकडं नाताळ म्हणजे २० तारखेनंतरची पळापळ, करंज्या शंकरपाळे करा, केकचं मिश्रण बेकरीत भाजायला नेऊन द्या, चांदणी लावा, कॅरलवाले आले की रात्री चहा ठेवा, आणि २६ ला सगळं थंड. त्याच्या आधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळात, चर्चमध्ये वेदीवर जांभळा कपडा दिसतो तेवढंच काय ते. आता लेकरं विचारायच्या वयात आलीत, यंदा घरात रोज थोडं काहीतरी करावं वाटायलंय. जावेनं पुण्याहून हिरव्या रिंगणातल्या चार मेणबत्त्यांचा फोटो पाठवला, तो दाखवला तर सासूबाई म्हणायल्या हे कॅथलिकांचं, आपल्यात नसतं. आमचं चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे प्रोटेस्टंट. मिस्टर स्टीलच्या कारखान्यात, शिफ्ट सारखी बदलते, म्हणून रोज संध्याकाळी सगळे एका जागी बसणं होतच नाही. आणि ती पाईनची पानं जालन्यात कुठून आणू? कोण काय करतं सांगा, खर्चिक नको.

छावणीकर:
ताई मी कॅथलिक, संभाजीनगरला छावणीत राहतो, तर सासूबाईंना माझा निरोप द्या की ते रिंगण मुळात आमचं नाहीच 😄 जर्मनीत हॅम्बुर्गला विखर्न म्हणून एक लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच, होते, गरीब पोरांचा आश्रम चालवायचे, पोरं रोज विचारायची नाताळ कधी नाताळ कधी, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक लहान लाल आणि रविवारची मोठी पांढरी, असं सांगतात. म्हणजे तुमच्याच बाजूचं, आम्ही मागून उचललं.
आता आमच्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, गुलाबी तिसऱ्या रविवारी, कारण अर्ध्याच्या पुढं आलो म्हणून त्या दिवशी आनंद. रंगीत मिळत नसतील तर साध्या पांढऱ्याला रिबीन बांधा, नाहीतर दिवाळीच्या उरलेल्या पणत्या घ्या, काही बिघडत नाही. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत न्यायचं. पाईनचा नाद सोडा, स्टीलच्या ताटात आंब्याची नाहीतर अशोकाची डहाळी ठेवा आणि वाळायच्या आत बदला. कडुनिंब नको, पानं लगेच झडतात आणि वाळली की पेट घेतात, लेकरं असतात जवळ.
अजून एक, या चार रविवारी आमच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत म्हणत नाहीत. नाताळच्या रात्री घंटा वाजवून एकदम सुरू होतं तेव्हा अंगावर काटा येतो. घरीही तसं करता येतं, एखादं आवडतं नाताळगीत मुद्दाम २४ च्या रात्रीपर्यंत म्हणायचंच नाही. पोरांना हे लई कठीण जातं, आणि त्यातच मजा आहे.

नांदेडचा_भाऊ:
मला एक सांगा, आगमनकाळ बायबलमध्ये कुठं लिहिलाय? आज मेणबत्ती, उद्या उपास, परवा अजून काहीतरी. प्रभू रोजच घरात पाहिजे, डिसेंबरातच का?

उदगीरचे_काका:
भाऊ, सनडे स्कूल तरी बायबलमध्ये कुठं लिहिलंय, तिथं तर तुम्ही शिकवत असाल. रोज पाहिजे हे खरं, पण रोजचं होत नाही म्हणूनच माणूस काळ ठरवून घेतो.
सूनबाई, मेणबत्ती लावा नाहीतर लावू नका, बायबलातलं लूकचं शुभवर्तमान वाचा. अध्याय बरोबर २४. १ डिसेंबरला पहिला आणि २४ ला शेवटचा, एक रुपया खर्च नाही. फक्त पहिल्याच अध्यायात ८० ओव्या आहेत, लेकरं तिथंच झोपतील, तो सगळा एका बैठकीत नका घेऊ, योहानाचा बाप जखऱ्या मुका होतो ती गोष्ट तुम्ही तोंडी सांगा आणि मरीयेचं गीत तेवढं वाचा. २२-२३ ला वधस्तंभ येतो, तेव्हा पोरं विचारणारच की जन्माच्या आधी मरण कसं काय. विचारू द्या, त्या प्रश्नासाठी तर वाचायचं.
शिफ्टचं म्हणाल तर वेळ बांधू नका, अध्याय बांधा. रात्रपाळी असली की बाप सकाळी आल्यावर चहाच्या कपासोबत वाचेल, सेकंड असली की शाळेच्या आधी. राहिला तर राहिला, रविवारी भरून काढा. मोबाईलवरून नको, पुस्तकातून वाचा, आणि मोठ्या लेकराला आळीपाळीनं वाचायला द्या, नावं अडखळत वाचलेली चालतात.

वॉर्डातली_सिस्टर:
माझ्यासोबत केरळच्या सिरीयन ऑर्थोडॉक्स सिस्टर आहेत, त्या १ डिसेंबरपासून २५ दिवस मटण, मासे, अंडी सगळं बंद करतात, डबा बघूनच कळतं. लेकरांना उपास नको पण एखादी गोष्ट सोडता येते. आमच्या पोरांनी मागं कुरकुरे सोडले होते, भांडत भांडत का होईना.
दुसरं म्हणजे गहू पेरा. फ्रान्समध्ये प्रोव्हान्सकडं ४ डिसेंबरला संत बार्बराच्या दिवशी बशीत गहू भिजवतात, क्रोएशियात १३ ला संत लुसीच्या दिवशी. २४ पर्यंत हिरवंगार होतं, ते येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याजवळ ठेवतात. आपल्याकडं रात्री गारवा असतो पण दुपारचं ऊन मिळालं की येतो वर. पाणी शिंपडायचं, साचू द्यायचं नाही, नाहीतर वास सुटतो.

जालन्याची_सून:
गव्हाचं ऐकून सासूबाई म्हणायल्या घट बसवायला का आता आपण 🙈 आणि लगेच स्वतःच विचारलं गावाकडचा गहू चालेल का. म्हणजे ते ठरलं. मिस्टर म्हणाले काकांचं पटलं, ते रात्रपाळीहून येऊन वाचतील पण पारोसं वाचणार नाहीत, आंघोळ करूनच बसतील. चार मेणबत्त्याही लावते. पण पहिला रविवार नक्की कोणता धरायचा?

नांदेडचा_भाऊ:
वाचन आमच्याकडंही करू. मेणबत्तीचं बघू.

उदगीरचे_काका:
३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कुठंतरी येतो, दरवर्षी सरकतो. चौथा आठवडा कधी पूर्ण मिळतो कधी नाही, २०२३ ला चौथा रविवार थेट २४ तारखेलाच आला होता, सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळची भक्ती. लूक मात्र १ तारखेलाच सुरू करा, मेणबत्तीची वाट बघू नका.