प्रतिसाद: परदेशी मैत्रिणींना कुठं न्यायचं

ताई, चंद्रपूरच्या तुमच्या कॉलनीतल्या परदेशी बायकांचा क्लब नुसता चहा अन् पत्त्यांतच अडकलाय म्हणता, वर सगळ्यांनी ताडोबा सुचवलंय, पण तिथं माणसं कुठं भेटतात हो! त्यांना झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक दाखवाच. दिवाळी झाली की वडसा, ब्रह्मपुरीकडच्या गावांत सुरू होतात ते पार होळीपर्यंत, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) अन् रात्री नाटक, घरोघरी पाव्हणे, लेकी माहेरी आलेल्या, अन् नाटक संपता संपता पहाट होते. भाषा नाही समजली तरी ऑर्गन-तबल्यावरची गाणी अन् लोकांची दाद समजतेच. शाली मात्र न्या, थंडी लय असते. आमच्या घरी गेल्या वर्षी एक जर्मन पाव्हणी आली होती, तिला नाटकापेक्षा आमच्या काकूसंग चुलीपाशी बसून सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) करणंच जास्त आवडलं, म्हणून म्हणते, बस करून नुसतं पाहून येऊ नका, एखाद्या घरी जेवाच.

वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी 1959 मध्ये सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिरही आहे, तिथं बायकाच मिळून सगळं चालवतात. अन् भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा सण असतो, तेव्हा एका संध्याकाळी गाण्यांना न्या, डबा वाजवून खाऊ ओळखायला त्यांनाही बसवा.