रेम्ब्रांटच्या नावाचा लघुग्रह: चित्रकाराचा मान की नुसतं कागदावरचं नाव?

कलाशिक्षक_वर्धा
मंगळ आन गुरूच्या मधात लघुग्रहांचा जो पट्टा हाय, त्यातल्या ४५११ नंबरच्या लघुग्रहाले सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं, रेम्ब्रांटचं नाव हाय. १९३५ साली जोहान्सबर्गवरून सापडला. वर्गात हे सांगितलं का पोरं त्या चित्रकाराचं चित्र मोबाईलवर दाखवा म्हणून मागं लागतात. चित्रकारासाठी याच्याहून मोठा मान मले तं दुसरा दिसत नाही.

ओलीतवाला
सर, मान कायचा? १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, घर गेलं, जमवलेली चित्रं लिलावात गेली, १६६९ मध्ये मेला तं कबरीवर नावबी नोतं. जित्तेपणी नाव झालं तरी शेवटी हाल, आन आता दगडाले नाव. मी रातच्या लाइनीवर हरभऱ्याले पाणी द्यायले वावरातच असतो, सारं आभाळ समोर असते, पण तो काई दिसत नाही.

लोणारची_पोर
दादा, दिसत नाही म्हणून खोटं कसं? आमचं लोणार सरोवर आभाळातून पडलेल्या दगडानंच झालं ना, काळ्या बेसाल्ट खडकात १.८ किमी रुंद खड्डा. आणि हे नाव पैसे देऊन मिळत नाही, शोधणारा सुचवतो मग आंतरराष्ट्रीय खगोल संघाची कमिटी ठरवते, राजकारणी किंवा लष्करी माणूस असेल तर मरून १०० वर्षं व्हावी लागतात, चित्रकाराला ती अट नाही. मला हा नियम फार आवडतो, आपल्याकडं चौकाचौकाला कोणाची नावं असतात ते बघा.

रामटेकवाला
पण यादी पाहा ना, रेम्ब्रांट, लिओनार्दो, मायकेलँजेलो, पिकासो, सारे युरोपातले. बुधावरच्या खड्ड्याले कालिदासाचं नाव हाय तेवढं बरं.

लोणारची_पोर
२०१९ मध्ये पंडित जसराजांचं नाव दिलं की, ३००१२८ नंबर. शोधणारे आपले वाढले की नावंही आपली वाढतील.

ओलीतवाला
ताई, शोधणारं पोरगं येईन कुठून? सरांच्या पोरायले रेम्ब्रांट माहीत हाय कारण तिथं सर हायेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत १०० च्या वर पोरं असली तरच अर्धवेळ कलाशिक्षक सांगितला हाय, आन आमच्या गावच्या शाळेत तेवढी पोरंच नाहीत. मान द्याचा तं ती अट पयले काढा, आभाळातल्या नावाले माहा इरोध नाही.