घोटाळा, अपहार, अफरातफर : तपासनीस कोणता शब्द लिहील?

एका बड्या बँकेतल्या अंतर्गत तपासाचा अहवाल मराठीत आणायचं काम सध्या हातात आहे. पहिल्याच पानावर मी लिहिलं, 'शाखेत घोटाळा झाल्याचे उघडकीस आले.' ज्या बाईंनी हा तपास केला, त्यांनी 'झाल्याचे' आणि 'आले' यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात विचारलं, 'कोणी केला? उघडकीस कोणी आणला?' माझ्या वाक्यात ना करणारा होता, ना शोधणारा. तेव्हापासून हे शब्द डोक्यात घोळताहेत.

घोटाळा मुळात गोंधळाचा शब्द. 'नावांचा घोटाळा झाला', 'तारखेत घोटाळा झाला' असं आपण सहज म्हणतो, त्यात लबाडी नसते. घोटाळा बहुतेक वेळा 'होतो'. अपहार मात्र कोणीतरी 'करतो'. म्हणून लुबाडणुकीला घोटाळा म्हटलं की नजरचुकीला मिळणारी सवलत लुबाडणाऱ्यालाही मिळते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ब्रिटनच्या बेअरिंग्ज बँकेत हे दोन्ही अर्थ एकाच खात्यात भेटले. बँकेसाठी सौदे करणाऱ्या निक लीसन या कर्मचाऱ्याने १९९२ मध्ये सिंगापूरला ८८८८८ क्रमांकाचं खातं उघडलं. व्यवहार नोंदवताना झालेल्या चुका तात्पुरत्या बाजूला ठेवण्यासाठी असं खातं असतं. म्हणजे पहिल्या, निरुपद्रवी अर्थाच्या घोटाळ्यांसाठीच! त्यात तो स्वतःच्या सौद्यांमधला तोटा दडवत गेला. सौदे करणारा तोच आणि त्यांच्या नोंदी सांभाळणाराही तोच. एकाच माणसाकडे ही दोन्ही कामं असणं धोक्याचं आहे, हे बँकेच्या अंतर्गत तपासणीने १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं. कामं वेगळी झाली नाहीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये बँक बुडाली तेव्हा तोटा होता ८२.७ कोटी पौंड, आणि ती विकली गेली १ पौंडाला.

याला अपहार म्हणता येईल का? मला वाटतं, नाही. अपहार म्हणजे हिरावून नेणं. 'हृ' धातूला 'अप' लागला, अपहरणातही तोच आहे. (व्यवहार हा शब्दही त्याच धातूचा. व्यवहार आणि अपहार ही एकाच घरातली भावंडं आहेत हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो होतो.) खात्यातली रक्कम उचलून स्वतःकडे वळवली तर अपहार. लीसनने तोटा लपवला, खोटे कागद केले. तिथे 'लबाडी' किंवा 'फसवणूक' हेच शब्द सरळ आहेत.

सगळ्यात जास्त जीव जडला तो अफरातफरीवर. मूळ अरबी जोडी आहे, इफ्रात म्हणजे अतिरेक, तफ्रीत म्हणजे उणीव. हिंदीत या जोडीचा अर्थ धावपळ, गोंधळ असा झाला. मराठीत मात्र ती हिशेबाच्या वहीत शिरली आणि पैशांची लबाडीने केलेली फिरवाफिरव झाली. एका खात्यात जास्त, दुसऱ्यात कमी, बेरीज मात्र वरवर बरोबर! यापेक्षा नेमका शब्द शोधून सापडणार नाही.

गैरव्यवहार हा शब्द तपास सुरू असताना ठीक. काय झालं ते पक्कं कळल्यावरही तोच राहिला, तर अहवाल अर्धा राहिला असं समजावं.

प्रतिसाद :
शोधणाऱ्यासाठी 'जागल्या' का नको? रात्री गाव झोपलेलं असताना पहारा देणारा तो जागल्या. 'तपासनीस' त्यापुढे फारच कचेरीतला वाटतो.

पुन्हा मी :
शब्द सुंदर आहे, पण दोघांची कामं वेगळी. जागल्याला दिसतं आणि तो हाक देतो. तपासनीस त्या हाकेमागचा पुरावा जुळवतो, नोंदींचा ताळा पाहतो, छडा लावतो. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेचं उदाहरण घ्या. हॉवर्ड विल्किन्सन तिथे बाल्टिक देशांतल्या बाजारव्यवहारांचे प्रमुख होते, तपास हे त्यांचं काम नव्हतं. एका ग्राहक कंपनीने ब्रिटनच्या कंपनी नोंदणीत आपण निष्क्रिय असल्याचं कळवलं होतं, आणि बँकेतल्या तिच्या खात्यातून तर मोठाल्या रकमा फिरत होत्या. दोन कागद शेजारी ठेवले की दिसेल अशी ही विसंगती. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी ती कोपनहेगनला वरिष्ठांना लिहून कळवली. पुढे २०१८ मध्ये तपासाचा अहवाल आला. त्यातून कळलं की २००७ ते २०१५ या काळात तिथल्या परदेशस्थ ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो वाहिले, आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता. विल्किन्सन जागल्या. अहवाल लिहिणारे तपासनीस. दोन्ही शब्द हवेत, आपापल्या जागी.

प्रतिसाद :
मग एस्टोनियात जे चाललं त्याला काय म्हणणार? तो अपहारही नाही आणि अफरातफरही नाही.

पुन्हा मी :
इथेच मी अडलोय. 'काळा पैसा पांढरा करणं' बोलताना छान चालतं, पण अहवालात दर दोन ओळींनी येऊ लागलं की वाक्य लटपटतं. 'मनी लाँडरिंग' सगळ्यांना कळतं. काही कागदपत्रांत 'धनशोधन' दिसतो, तो मला पटत नाही. शोधन म्हणजे शुद्ध करणं हे खरं, पण वाचणाऱ्याला आधी ऐकू येतो 'शोध', आणि धनाचा शोध घेणारा तर आमचा तपासनीस! गुन्हा आणि त्याचा तपास यांचा एकच शब्द झाला तर वाचणाऱ्याने काय समजावं? बाईंनी त्या जागी सध्या 'मनी लाँडरिंग' ठेवायला सांगून शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. कोणाला याहून बरा शब्द सुचत असेल तर जरूर सांगा, पुढच्या आठवड्यात अहवाल छपाईला जाईल.