अनुभव धागा: आपल्या पाळकांना तुम्ही उभारी कशी देता?

सर्वांना सलाम. रविवारी चर्चची भक्ती सुटली की दारात पाळकसाहेबांशी (पास्टरांशी) हात मिळवायचा, 'संदेश छान झाला' म्हणायचं आणि गाडी काढायला पळायचं, पुण्यातल्या बऱ्याच मंडळ्यांत (चर्चमध्ये) हेच चालतं. पण ज्या माणसाने आजाऱ्यांच्या भेटी, मयत, कमिटीची मीटिंग यातून वेळ काढून तो संदेश, म्हणजे प्रवचन, तयार केला त्याला त्या 'छान'मधून काय कळणार? वचन कुणाच्या काळजाला लागलं की नाही हे त्याला कोण सांगणार? बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 5व्या अध्यायात सांगितलंय की जे तुमच्यात श्रम करतात त्यांचा त्यांच्या कामासाठी प्रीतीने मान राखा. तर तुमच्या मंडळीत हे प्रत्यक्षात कसं होतं ते लिहा. मंडळीचं आणि पाळकांचं नाव नको.

वानवडीची ताई
मी बुधवारी मेसेज करते, रविवारी नाही. रविवारी सगळेच बोलतात आणि त्यांचं लक्षही दहा ठिकाणी असतं. मागे आमच्या पास्टरांनी एलीया संदेष्ट्यावर संदेश दिला, तो झुडपाखाली मरण मागत बसला होता तेव्हाचा. देवदूताने त्याला आधी रागावलं नाही, उपदेश केला नाही, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं, यावर ते थोडंसंच बोलले. तेव्हा सासूबाईंचं डायलिसिस चालू होतं, घर-हॉस्पिटल-ऑफिस करून मी पार थकलेले आणि दुपारी जरा पडलं तरी अपराधी वाटायचं. मी एवढंच लिहिलं की पास्टर, त्या भाकरीच्या भागामुळे आज मी दुपारी शांत झोपले. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, ताई, संदेश लांबतोय म्हणून शनिवारी रात्री तोच भाग मी खोडणार होतो. तेव्हापासून मी नेमकं काय लागलं ते लिहिते, दोन ओळी का होईना.

पिंपरीहून, डीकन (मंडळीची व्यवस्था पाहणारा सेवक)
आमच्याकडे हॉलचं बुकिंग, पाण्याचा पंप, लाइटबिल, कब्रस्तानाची पावती सगळं पाळकांच्याच फोनवर यायचं. शनिवारी संध्याकाळी माणूस वचन उघडून बसला की कुणीतरी फोन करणार, साहेब, खुर्च्या किती लागतील. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात प्रेषितांनी हेच तर सांगितलं ना, की वचन सोडून आम्ही पंक्ती वाढत बसणं बरं नाही, आणि त्यासाठी सात जण निवडले. आम्ही कमिटीत तोच अध्याय वाचला आणि कामं वाटून घेतली, नोटीस बोर्डावर प्रत्येक कामापुढे आमचे नंबर लावले. शनिवारी दुपारनंतर मयत किंवा हॉस्पिटलचं असेल तरच पाळकांना फोन. सुरुवातीला काही जुनी मंडळी नाराज झाली, आता तीच दुसऱ्यांना समजावतात. संदेशात फरक पडलाय आणि साहेब पुन्हा घरभेटींना यायला लागलेत, मला तर दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते.

कॅम्पातून
पगार वेळेवर द्या. शाल-श्रीफळ नंतर. बायबलात गलतीकर 6:6 वाचा, वचन शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा.

बिबवेवाडी, सेमिनरीचा विद्यार्थी
मी युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळकीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, शिकतो, शनिवार-रविवार एका मंडळीत सेवेला जातो. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांपैकी पाचवा, 'मला तहान लागली आहे', माझ्याकडे होता. भक्तीनंतर एका आजींनी मला बाजूला घेतलं, सगळ्यांसमोर नाही हं, आणि म्हणाल्या, "बाळा, तयारी चांगली होती तुझी, पण वाक्याचा शेवट गिळतोस, मागे आम्हाला पोचत नाही." मग स्वतःच म्हणाल्या, पुढच्या वेळी मी शेवटच्या बाकावर बसते, ऐकू आलं नाही की हात वर करेन. आणि खरंच बसल्या! अजून बसतात. बायबलात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुल्लो या उपदेशकाला जवळ घेऊन देवाचा मार्ग जास्त नीट समजावला, चारचौघांत त्याचं खंडन केलं नाही, ते मी वर्गात शिकलो होतो पण कळलं ते या आजींमुळे.

पाळकाची लेक
घरच्यांचाही विचार करा प्लीज. माझ्या दहावीत पप्पांची बदली झाली, नवीन शाळा, नवीन पार्सोनेज (पाळकांना राहायला दिलेलं घर), आणि येणारा जाणारा आधीचे पाळक कसे होते तेच सांगायचा. मम्मी सगळ्यांना चहा देत हसून ऐकायची. एक काका-काकू मात्र आम्हाला दर महिन्याला जेवायला बोलवायचे आणि त्यांचा नियम होता की जेवताना मंडळीचा विषय काढायचा नाही. पप्पा तिथे क्रिकेटवर बोलायचे, मोठ्याने हसायचे. काकू मला गणिताला बसवायच्या. पप्पा त्या मंडळीत टिकले त्यात त्या घराचा फार मोठा वाटा आहे असं मी मनापासून मानते.

खडकीचा तबलजी
आमचे एक वयस्कर उपदेशक ख्रिस्ती कीर्तन करतात, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी जी परंपरा वाढवली ती. टिळक जाऊन शंभरच्या वर वर्षं झाली (1919), आणि शहरात आता तरुणांना कीबोर्ड-ड्रम हवेत, त्यामुळे ह्यांना साथीला कुणी मिळेना, कीर्तन बंदच पडणार होतं. मी फक्त म्हटलं, काका, तबला मी धरतो. मग पेटीला एक मुलगी आली, आता टाळाला सन्डे स्कूलची पोरं भांडतात. आख्यानात उधळ्या पुत्राचा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो तिथे काका थांबतात आणि मी ठेका अगदी हळू करतो, ती जागा आमची ठरलेली. प्रत्येक वेळी 'छान झालं' म्हणणं जमत नसेल तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा, कामाला हात लावा.

येरवड्याहून
एक प्रॅक्टिकल सांगते. डिसेंबरभर कॅरल, आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन, नाताळ, 31च्या रात्रीची भक्ती, लगेच 1 तारखेची सकाळ. पाळकांचा आवाज पार बसलेला असतो. आम्ही जानेवारीचे दोन रविवार मंडळीतल्याच वडीलजनांकडे (एल्डरांकडे) आणि महिला मंडळाकडे दिलेत, पाळक कुटुंबासह गावी जातात, भाड्याचे पैसे कमिटी देते. यंदाची नावं ऑक्टोबरमध्येच ठरवतोय म्हणजे बोलणाऱ्यांनाही तयारीला वेळ मिळेल.