ठिपक्यांवर अक्षर येतं, कोऱ्या पाटीवर येत नाही. लेखन कुठून सुरू करावं?

ओसरी:
बालवाडीच्या मोठ्या गटात २२ मुलं आहेत, वयं चार ते साडेपाच. जूनपासून ठिपक्यांवरून अ, आ, इ गिरवणं चालू आहे. ठिपके असले की अक्षर छान दिसतं. कोरी पाटी दिली की निम्म्या मुलांना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. पाच-सहा जण पेन्सिल मुठीत धरतात आणि दोन ओळींत हात दुखतो म्हणतात. ‘भ’ काढला की ‘म’ होतो. पालकांना मात्र रोज पानभर लेखन हवं आहे. क्रम कसा ठेवावा?

पाटीपूजन:
ताई, ठिपके जोडताना मूल अक्षर काढतच नसतं. ते या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर जातं, कधी खालून वर, कधी उजवीकडून डावीकडे. चित्र पुरं होतं, पण हाताला वळण लागत नाही. त्यात ‘अ’पासून सुरुवात म्हणजे अवघड घाट आधी चढणं: एकाखाली एक दोन वळणं, मधली रेघ, दांडी, वरची रेघ.

आधी नुसत्या रेघा येऊ द्या. उभी, आडवी, गोल, मग अधिकचं चिन्ह. तिरपी रेघ बहुतेकांना पाचच्या आसपास जमते, त्याआधी घाई नको. मग ट आणि ठ, कारण त्यांना उभी दांडी नाही. त्यानंतर व, ब, क. तिन्हींत तोच गोल आणि तीच दांडी. ‘ब’ला पोटात तिरपी रेघ, ‘क’ला उजवीकडे आकडा. ग, म, न त्यानंतर. सारख्या वळणाच्या अक्षरांच्या एका कुटुंबाला दोन आठवडे तरी द्या.

शिकवताना फळ्यावर हातभर मोठं अक्षर काढा आणि तोंडाने बोला: “गोल, दांडी, वर रेघ.” मुलांनी ओल्या बोटाने त्याच क्रमाने ते पुसत न्यायचं. मग ताटात रव्याचा पातळ थर, जेमतेम ताटाचा तळ झाकेल एवढा. जाड थरात रेघ बुजते. पाटी त्यानंतर.

‘भ’चा ‘म’ होतो तो वरच्या रेघेमुळे. मुलं आधी सलग रेघ मारून त्याखाली अक्षर टांगतात. भ, ध, थ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, डावीकडचा भाग उघडा राहतो. तो झाकला की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. वरची रेघ नेहमी शेवटी, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. भ, ध, थ शिकवताना उघड्या जागेवर बोट ठेवून “इथे खिडकी” म्हणा आणि रेघ खिडकीनंतर सुरू करा.

चिमूट:
मुठीत पेन्सिल धरणाऱ्यांना सारखं “नीट धर” म्हणून उपयोग नाही. बोटांत जोर नसतो म्हणूनच मूठ वळते. खडूचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. जोडीला रोज दहा मिनिटं शेंगा सोलणं, कणीक मळणं, मणी ओवणं, पाण्यात बुडवलेला स्पंज पिळणं.

हात दुखण्याचं आणखी एक कारण पाटीवरची पेन्सिल. ती बारीक आणि गुळगुळीत, शिवाय दाबल्याशिवाय उमटत नाही. काही आठवडे ओला खडू वापरा. कागद भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवून उभ्याने काढायला दिलं, तर मनगट आपोआप योग्य वळतं.

बोलका_फळा:
वरचं सगळं बरोबर, पण एका गोष्टीवर माझा आग्रह आहे. वळण म्हणजे लेखन नव्हे. बोललेलं कागदावर उतरतं हे मुलाला कळणं जास्त मोलाचं. रोज दोन-तीन मुलांना चित्र काढू द्या, ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्यादेखत चित्राखाली लिहा आणि बोट फिरवत वाचा. “आजीनी म्हशीला धुतलं” असं म्हणालं तर तसंच लिहा. वरची रेघ एकेका शब्दावर वेगळी मारा, म्हणजे शब्द कुठे संपतो ते दिसतं.

मूल स्वतः लिहू लागलं की ‘पान’चं ‘पन’ होईल, काना गळेल. लाल फुली नको. ‘प’ ऐकू आला, ‘न’ ऐकू आला, ही मोठी कमाई आहे. खाली शुद्ध शब्द लिहून मोठ्याने वाचा, बस.

पालकांना हीच पानं तारीख घालून शनिवारी दाखवा. पानभर ‘अ’पेक्षा त्यात प्रगती स्पष्ट दिसते.

ओसरी:
खूप आभार. आणि नावाचं काय? एकीचं नाव ज्ञानेश्वरी आहे, तिला सगळ्यात आधी नावच लिहायचंय.

बोलका_फळा:
लिहू द्या. फोड करून शिकवू नका, नावाची पट्टी चपलांच्या खणावर आणि डब्यावर लावा, ती अख्खं नाव ओळखू लागेल. लिहिताना आधी ‘र’ आणि ‘न’ तिचे तिने, बाकी तुम्ही. दुसऱ्या वेलांटीत फारशी अडचण येत नाही. पहिली मात्र बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहिताना आधी, त्यामुळे ‘किरण’ लिहिताना मुलं अडतात. ती चूक पहिलीच्या वर्गातसुद्धा दिसते, आत्ता दुरुस्त करत बसू नका.

पाटीपूजन:
तक्ते आणताना ‘ल’ तपासा. दांडीचा हिंदी वळणाचा ‘ल’ बऱ्याच तक्त्यांवर असतो. तुम्ही फळ्यावर पाकळ्यांचा काढणार, तर भिंतीवरही तोच हवा.